विहिरीकडचं रान की बाटलीतलं टॉनिक?

प्रश्न असा आला आहे: "वाळवा तालुक्यात आमचं एक एकर ठिबकवरचं रान आहे. आडसाली (दीड वर्षाचा) ऊस, जात को ८६०३२. विहिरीकडच्या २० गुंठ्यांत एक द्रवरूप टॉनिक दिलं, एकरी ५ लिटर, दोन आळवण्यांत, म्हणजे पाण्यात मिसळून बुंध्याशी ओतून. ओढ्याकडचे २० गुंठे तसेच ठेवले. तोडणीला वर एकरी ५४ टन पडला, खाली ४८. दुकानदार म्हणतो, सिद्ध झालं. आमचे आबा म्हणतात, वरचं रान पहिल्यापासनंच भारी आहे. यंदाच्या लागणीला नीट चाचणी घ्यायची आहे. कशी घेऊ?"

आबांचंच खरं, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या आकड्यांनी आबांना खोटं पाडता येत नाही, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. ५४ आणि ४८ हे दोन आकडे दुकानदाराच्या म्हणण्याशी जुळतात तसेच आबांच्या म्हणण्याशीही जुळतात. ज्या चाचणीचा निकाल दोघांनाही आपलाच वाटतो, तिनं काही तपासलेलं नसतं.

मी तीसेक वर्षं उसाच्या प्रक्षेत्र चाचण्या मांडल्या, मोजल्या आणि काही वेळा वायाही घालवल्या. त्यामुळे थोडं लांबून सांगतो.

तुम्हाला वाटतं तुमच्याकडे २० गुंठ्यांचा पुरावा आहे. प्रत्यक्षात एकच तुलना आहे: वरचा तुकडा आणि खालचा तुकडा. त्या २० गुंठ्यांतून तुम्ही शंभर ऊस मोजले असते, हजार मोजले असते, तरी तुलना एकच राहिली असती. सुरुवातीच्या काळात मी हीच चूक केली होती. एका प्लॉटमधले वीस ऊस मोजले आणि वहीत "पुनरावृत्ती २०" असं झोकात लिहिलं. आमच्या साहेबांनी वही पाहून विचारलं, "या विसांपैकी शेजारच्या जुन्या उकिरड्याच्या जागेवरचे किती?" सगळेच होते. विसाच्या वीस उसांना एकच उकिरडा मिळाला होता, म्हणजे माझी पुनरावृत्ती एकच होती.

ही चूक करणारे आपण पहिले नव्हे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. तिथंही सुरुवातीपासून एका खताला एक लांब पट्टी, दुसऱ्याला दुसरी, अशीच मांडणी होती. १९१९ साली रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तिथं त्या जुन्या नोंदींचा उलगडा करायला गेला. पट्टीचा गुण कुठला आणि खताचा कुठला, हे वेगळं कसं काढायचं या पेचातून त्यानं जे नियम बसवले तेच आजही शेतीशाळेत शिकवतात: प्लॉट अनेक हवेत, सारख्या जमिनीचे प्लॉट एकत्र बांधावेत, आणि कुणाला काय मिळणार ते चिठ्ठीनं ठरावं. आपल्याकडे हे रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे होते. १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मलेले, म्हणजे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. त्यांचं आणि त्यांच्याबरोबर पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या पानसे यांचं नाव कृषी महाविद्यालयातली पोरं एका दमात घेतात, 'पानसे-सुखात्मे' हा एकच माणूस असल्यासारखं. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे रानातला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज बांधताना, कुठला तुकडा कापायचा हे कुणाच्या नजरेवर न सोडता चिठ्ठीनं ठरवायचं, ही शिस्त त्यांच्याच काळात बसली.

आता तुमच्या रानाकडे येऊ.

पहिलं काम लागणीच्या आधीचं आहे आणि फुकटचं आहे. टॉनिक द्यायच्या आधीच्या हंगामातल्या कारखान्याच्या वजनाच्या पावत्या शोधा. वरचा आणि खालचा तुकडा वेगवेगळ्या दिवशी तुटला असेल, ट्रॅक्टरच्या खेपा मिसळल्या नसतील, तर काहीच न देता या दोन तुकड्यांत किती फरक पडत होता ते कळेल. तो फरक ५-६ टनांचा निघाला तर गेल्या वर्षीच्या चाचणीवर आणखी बोलायला नको. लोकांना हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते चाचणी घेणाऱ्यानं शिकायची पहिली गोष्ट हीच: औषध न देता दोन तुकडे आपसांत किती भांडतात. अगदी लगतचे दोन प्लॉट, तेच बेणं, तेच पाणी, तेच खत असताना एकरी ३-४ टनांनी वेगळे पडलेले मी नेहमी पाहिले आहेत. हे माहीत नसलेल्या माणसाला सहा टन म्हणजे चमत्कार वाटतो.

दुसरं काम कागदावरचं. "टॉनिकनं ऊस चांगला येतो" हे गृहीतक होत नाही, कारण ते कधी हरूच शकत नाही. टनेज वाढलं नाही तर पान हिरवं दिसलं म्हणता येतं, पान हिरवं नसेल तर जाडी वाढली म्हणता येतं, काहीच नसेल तर "यंदा पाऊस आडवा आला". हरण्याची जागा आधी लिहून ठेवा. तुमचा खर्च मांडू: टॉनिक एकरी ४,००० रुपये आणि दोन आळवण्यांची मजुरी २,००० धरली तर ६,००० झाले. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला ३,००० पडतात असं धरलं तर दोन टन वाढ म्हणजे नुसती बरोबरी. तेव्हा वाक्य असं लिहा: "आडसाली को ८६०३२ मध्ये, लागणीनंतर ४५ आणि ७५ दिवसांनी आळवणी केल्यास, गाळपयोग्य उसाचं वजन एकरी २ टनांपेक्षा जास्त वाढतं." आकडे तुमच्या खर्चाप्रमाणे बदला, पण लागणीआधी तारीख घालून लिहा आणि आबांची सही घ्या. थट्टा करत नाही. या चाचणीतलं विरोधी गृहीतक त्यांचं आहे आणि ते चांगलं आहे. मांडणी अशी हवी की आबा हरले तर त्यांनाही कबूल करावं लागेल.

मोजायची मुख्य गोष्ट एकच: वजन. फुटवे, उंची, कांड्यांची संख्या, जाडी, रिफ्रॅक्टोमीटरवरचा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) हे हौसेनं मोजा, निकाल समजून घ्यायला उपयोगी पडतं. पण वीस गोष्टी मोजल्या तर एखादीत नुसत्या योगायोगानं फरक दिसणारच, आणि दुकानदाराच्या पत्रकावर तीच छापली जाते.

आता मांडणी. तुमची सरी पाच फुटी असेल असं धरतो. एक प्लॉट सहा सऱ्यांचा आणि ४० फूट लांब घ्या. म्हणजे ३० बाय ४०, १,२०० चौरस फूट, एक गुंठ्याहून जरासा मोठा. असे १६ प्लॉट, म्हणजे साडेसतरा गुंठ्यांच्या आसपास. एवढ्यात चाचणी होते, उरलेलं रान तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं जाऊ द्या.

या १६ प्लॉटांच्या आठ जोड्या करायच्या. जोडीतले दोघे एकमेकांना लागून हवेत आणि ओढ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. तुमच्या रानाचा उतार विहिरीकडून ओढ्याकडे आहे, खालच्या अंगाला चोपण (निचरा न होणारी जमीन) किंवा क्षार असण्याचा संभव आहे, आणि लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, टोकाला पाणी कमी पडत असेल तर तेही त्याच दिशेनं. हा सगळा फरक जोडी-जोडीमध्ये राहू दे, जोडीच्या आत येऊ देऊ नका. एक जोडी पूर्ण चोपणात गेली तरी हरकत नाही, दोघंही सारखेच मार खातील. मात्र जोडीतला एक प्लॉट बांधावरच्या लिंबाच्या सावलीत आणि दुसरा उन्हात, असं नको. कागदावर आखण्याआधी रान एकदा आबांबरोबर पायी फिरा. कुठं पूर्वी गोठा होता, कुठं विहिरीची माती पसरली होती, कुठं पावसाळ्यात पाणी साचतं, हे माती परीक्षणाच्या अहवालात नसतं, पण त्यांच्या डोक्यात असतं.

मग प्रत्येक जोडीत टॉनिक डावीकडे की उजवीकडे, हे नाणं उडवून ठरवा. आठ जोड्या, आठ वेळा नाणं, प्रत्येक निकाल तिथल्या तिथं वहीत. "मी आपला मनानंच आलटून-पालटून देतो" असं म्हणू नका. माणसाचा हात नकळत बऱ्या दिसणाऱ्या प्लॉटकडे जातो, माझाही जायचा. आणि नाण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो हिशेबाच्या वेळी सांगतो.

तुमच्याकडे ठिबक आहे हे बरं. पाटपाणी असतं तर आळवणीनंतरचं पाणी सरीतून वाहत टॉनिक पुढच्या प्लॉटमध्ये घेऊन गेलं असतं आणि मग प्लॉट सरीच्या पूर्ण लांबीचे ठेवावे लागले असते. पण टॉनिक व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत मिसळणाऱ्या साधनातून) सोडू नका, ते सगळीकडे जाईल. पाठीवरच्या पंपाची नोझल काढून बुंध्याशी आळवणी करा. एका आळवणीला एकरी अडीच लिटर टॉनिक आणि २०० लिटर पाणी असा हिशेब धरला तर एका प्लॉटला साडेपाच लिटर पाण्यात ६९ मिली टॉनिक येतं. हे मोजपात्रानंच घ्या, बाटलीच्या झाकणानं नको.

आणि आता ज्यावर लोक हसतात ती गोष्ट: दुसऱ्या आठ प्लॉटांना तेवढ्याच साध्या पाण्याची आळवणी करा, त्याच दिवशी, त्याच गड्याकडून. एकरी २०० लिटर पाण्यानं उसाला काही होत नाही, ठिबकच्या एका पाळीपुढं ते कुठल्या कुठं. अडचण गड्याची आहे. ज्या प्लॉटमध्ये तो बुंध्या-बुंध्याशी वाकून फिरतो तिथलं तण त्याला दिसतं आणि तो ते जाता-जाता उपटतो. खोडकिडीचा पोंगा (वाळलेला कोंब) दिसला तर काढतो. आळवणी न झालेल्या प्लॉटला ही नजर मिळत नाही. मग शेवटी वाढलेलं टनेज टॉनिकचं की नजरेचं? दोन्हीकडं सारखंच फिरणं झालं की हा प्रश्न उरत नाही. जमलं तर दोन सारख्या कॅनमध्ये घरातल्या कुणाकडून भरून घ्या आणि कुठल्यात काय आहे ते गड्याला सांगू नका. वास येत असेल तर तो ओळखेल, पण आपण आपलं करावं.

आळवणीच्या आधी दोन गोष्टी उरकलेल्या असू द्यात. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, महिन्याच्या आत भरून घ्या, आणि पहिल्या आळवणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक प्लॉटमधले कोंब मोजून लिहा. सुरुवातच कमी-जास्त असेल तर ती पुढं टॉनिकच्या नावावर चढते.

मापाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चांगली मांडलेली चाचणी बहुतेक वेळा तोडणीच्या दोन दिवसांत मरते. प्लॉटच्या कडेच्या दोन सऱ्या मोजायच्या नाहीत. शेजारच्या प्लॉटची मुळं, सावली, सगळं तिथं मिसळतं. दोन्ही टोकांची पाच-पाच फूटही सोडायची. उरतात मधल्या चार सऱ्या आणि ३० फूट लांबी, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यात भरलेल्या किलोंना ७२.६ नं गुणलं की एकरी किलो मिळतात. एकरी ५० टनांच्या उसाला या तुकड्यात साधारण ६९० किलो भरतील. तुम्ही शोधताय तो दोन टनांचा फरक इथं फक्त साडेसत्तावीस किलोंचा असतो. बारा किलोंची एक मोळी मोजायची राहिली तर एकरी ८७० किलोंची चूक! म्हणून टोळीच्या मुकादमाशी आधीच बोला, कडेचा ऊस आदल्या दिवशी तोडून बाहेर काढा, आणि मधला ऊस प्लॉटच्या हद्दीतच मोळ्या बांधून टांगत्या काट्यावर तोला. टोळीची त्यात खोटी होते, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, तेही खर्चात धरा.

आणि जोडी एकाच दिवशी, पाठोपाठ तोला. एका चाचणीत आमच्या टोळीनं सोयीसाठी औषधाचे सगळे प्लॉट पहिल्या दिवशी तोडून तोलले. तुलनेचे प्लॉट त्याच संध्याकाळी तोडून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोलले. तुटलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजन घटतं. औषध झकास जिंकलं. अहवाल लिहायला बसलो तेव्हा वहीतल्या वेळा पाहून माझ्या लक्षात आलं आणि दीड वर्षाचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्या वर्षी घरी कुणी मला उसाबद्दल विचारायचं नाही. तेव्हापासून मी वहीत वजनाशेजारी वेळ लिहितो. तोलणाऱ्याला कुठला प्लॉट कसला हेही कळू देत नाही. तोडणीआधी रंगीत झेंडे काढून नुसते आकडे ठेवतो.

आता हिशेब. समजा आठ जोड्यांत टॉनिक वजा साधं पाणी असा एकरी टनांतला फरक असा आला: ५, २, उणे १, ४, ६, १, ३, ४. बेरीज २४, सरासरी ३ टन. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे वेगळे येतील.

आता आबांच्या बाजूनं विचार करा. टॉनिकात काहीच दम नाही असं धरलं, तर पहिल्या जोडीतला ५ टनांचा फरक निव्वळ त्या दोन प्लॉटांच्या मातीचा आहे. नाणं उलटं पडलं असतं तर टॉनिक दुसऱ्या प्लॉटला गेलं असतं आणि तोच फरक उणे ५ दिसला असता. आठही जोड्यांचं असंच. आठ नाणी मिळून २५६ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या किती प्रकारांत बेरीज २४ किंवा त्याहून जास्त आली असती? सगळे फरक अधिक पडले तर बेरीज २६. दोन जोड्यांत फरक १ चा आहे, त्यांपैकी कुठलाही एक उणे पडला तर २४. बाकी कुठल्याही उलटापालटीत २४ च्या खाली. म्हणजे २५६ पैकी फक्त ३, शंभरात सव्वा. आबांना एवढा योगायोग मानायचा असेल तर मानू द्या, पण आता भार त्यांच्याकडे आहे. नाणं उडवलं म्हणून हा हिशेब करता येतो. मनानं वाटले असते तर २५६ कुठून आणणार? गेल्या वर्षी तुमच्याकडे एकच जोडी होती आणि नाणंही नव्हतं.

एवढ्यावर दुकानदाराला पेढे देऊ नका. याच आठ आकड्यांवरून खऱ्या वाढीचा अंदाज बांधला, ९५ टक्क्यांच्या नेहमीच्या पट्ट्यानं (खरी वाढ ज्याच्या आत असावी असं धरतात तो पट्टा), तर तो साधारण १.१ ते ४.९ टनांच्या दरम्यान येतो. तुमची बरोबरीची रेघ २ टनांवर आहे, म्हणजे पट्ट्याच्या आतच. तेव्हा निकाल असा वाचायचा: टॉनिक काहीतरी करतं असं दिसतं, पण पैसे फिटतात की नाही हे या एका चाचणीनं ठरलेलं नाही. पट्टा अरुंद करायचा तर जोड्या वाढवाव्या लागतात, आणि तिथं हिशेब कडू आहे: पट्टा निम्मा करायला जोड्या चौपट लागतात. त्यापेक्षा गावातल्या आणखी दोघांनी आपापल्या रानात आठ-आठ जोड्या मांडलेल्या बऱ्या, कारण तुमच्या मातीबाहेर हे चालतं का तेही त्यात कळतं. शिवाय हेच प्लॉट खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला) तसेच ठेवून पुन्हा तोला, हद्दीच्या खुंट्या काढून टाकू नका.

उलट निकाल आला, म्हणजे फरक शून्याच्या आसपास, तरी "टॉनिक निरुपयोगी सिद्ध झालं" असं सांगत फिरू नका. पट्टा उणे २ ते अधिक २ असा आला तर दोन टनांहून मोठी वाढ असण्याची शक्यता कमी, एवढंच म्हणता येईल. तुमच्या खिशाला मात्र तेवढं पुरेसं आहे.

महापुराचंही आधीच ठरवून ठेवा. ओढ्याला कृष्णेचा फुगवटा येत असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ तुम्हाला मी सांगायला नको. नियम असा लिहा: एका जोडीतला कुठलाही प्लॉट चार दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिला तर ती पूर्ण जोडी बाद. एकटा प्लॉट बाद करायचा नाही, आणि तोडणीनंतर आकडा पाहून तर कुठलीच जोडी बाद करायची नाही. "हा प्लॉट डुकरांनी खाल्ला होता" हे माणसाला नेहमी नको असलेला आकडा आल्यावरच आठवतं. रानडुकरांचं नुकसान ज्या दिवशी झालं त्या दिवशी वहीत लिहा.

दोनाहून जास्त गोष्टी तपासायच्या असतील, समजा दोन टॉनिकं आणि साधं पाणी, तर जोडीऐवजी तीन-तीन प्लॉटांचे गट करा आणि चिठ्ठ्या टाका. आमच्या भाषेत त्याला आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणतात. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. शिवारफेरीला गेलात तर प्लॉटच्या पाट्यांवरचे क्रमांक बघा, गटागटात क्रम बदललेला दिसेल. पहिल्या वर्षी मात्र दोनच ठेवा.

एक शंका दुकानदार काढेल: "त्यात नत्र आहे, म्हणून वाढतो, मग काय वाईट?" आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६० च्या वर. ५ लिटरच्या कॅनमध्ये ५ टक्के नत्र धरलं तरी ते पाव किलो. एवढ्यानं उसाला फरक पडणार नाही, त्यासाठी वेगळा युरियाचा प्लॉट ठेवायची गरज मला दिसत नाही. पण लेबलवर संप्रेरक किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यं लिहिली असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्या मातीत जस्त किंवा लोह कमी असेल तर स्वस्तातलं झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेटही तेच काम करेल, आणि मग तो तिसरा प्लॉट ठेवावाच लागेल. तेव्हा नाणं उडवायच्या आधी लेबलचा फोटो आणि माती परीक्षणाचा अहवाल, दोन्ही पाठवा.